राजकारणावर बोलू का, असं विचारणाऱ्या अभिनेत्रीला

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही एका मराठी मालिकेत दुसऱ्या फळीतली भूमिका करता. माहेर सोलापूर जिल्ह्यात, सीना नदीच्या काठी. सप्टेंबर २०२५ च्या पुरात वडिलांची चार एकर शेती पाण्याखाली गेली, आणि मदतीत जो घोळ चाललाय त्यावर तुम्हाला जाहीरपणे बोलायचंय. इन्स्टाग्रामवर तीन लाख लोक आहेत. त्यातले काही रोज खाली लिहितात, 'रील टाकायला वेळ आहे, गावाबद्दल बोलायला नाही.' निर्मात्याच्या ऑफिसातून मात्र निरोप आलाय, 'राजकीय काही टाकू नकोस.' आणि शेवटी तुम्ही विचारलंय, 'कलाकाराने राजकारणापासून लांब राहावं असं सगळे म्हणतात. तुमचं काय मत?'

मी चोवीस वर्षं मराठी नाटक-मालिका-सिनेमातल्या कलाकारांचं काम बघते. तारखा, करार, सुपाऱ्या (म्हणजे पैसे घेऊन कार्यक्रमाला लावलेली हजेरी), पत्रकार, आणि रात्री साडेअकराला येणारे 'ताई, एक पोस्ट टाकलीये, आता काय करू?' असे फोन. त्यामुळे माझं उत्तर तत्त्वाचं कमी आणि धंद्यातलं जास्त असेल.

आधी प्रश्न जरा सरळ करून घेते. कलाकाराने राजकारणावर बोलावं का, यावर परिसंवाद घ्यायला लोकांना आवडतं. त्याचं उत्तर माझ्यापुरतं एका ओळीचं आहे: बोलावं, तुम्ही मतदार आहात, मालिकेत काम मिळालं म्हणून मतदार यादीतून नाव कापलं जात नाही. तुमची अडचण वेगळी आहे. बोलल्यावर जे होईल ते मला पेलवेल का, आणि माझं बोलणं माझंच राहील का, हे तुम्हाला कळत नाहीये. त्यातला पहिला भाग तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. फ्लॅटचा हप्ता किती, हातात दुसरं काम आहे का, मालिकेत तुमचा ट्रॅक, म्हणजे तुमच्या पात्राची गोष्ट, कुठे आहे, यावर तो ठरेल. ते मला इथून दिसत नाही. दुसऱ्या भागाबद्दल मात्र मी बरंच सांगू शकते.

'लांब राहावं' म्हणणाऱ्यांपासून सुरुवात करू. लांब म्हणजे नक्की कुठे? आपल्याकडे मालिकेच्या पर-डेवर, म्हणजे दिवसाच्या मानधनावर, घर चालतं आणि हप्ता सुपारीवर फिटतो. दहीहंडी, गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, हळदीकुंकू, पैठणीचे खेळ. या सगळ्यांचे यजमान कोण असतात? आजी नगरसेवक, माजी नगरसेवक, भावी नगरसेवक, आमदार, आमदारांचे चिरंजीव.

ठाण्यातली एक दहीहंडी मला लख्ख आठवते. माझ्या एका कलाकाराची मालिका तेव्हा जोरात होती. 'साहेब' आले नव्हते म्हणून आम्ही दीड तास गाडीत बसून. बाहेर फ्लेक्सवर साहेबांचं नुसतं डोकं माणसाच्या उंचीचं, आणि याचा फोटो खाली कोपऱ्यात, प्रायोजक बिल्डरच्या लोगोएवढा. ठरलं होतं ते एवढंच की पंधरा मिनिटं थांबायचं, मालिकेतला एक डायलॉग मारायचा, हात हलवायचा, उतरायचं. स्टेजवर गेल्यावर निवेदकाने माईक पुढे केला, 'साहेबांबद्दल दोन शब्द होऊन जाऊदेत!' समोर दहा हजार माणसं, मागे साहेब. असा नेता लाभला हे इथल्या जनतेचं भाग्य, असं काहीतरी तो बोलून गेला. पाच महिन्यांनी निवडणूक लागली आणि ती चौदा सेकंदांची क्लिप, मागे तुतारीचा आवाज घालून, प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. त्याने मला कळवळून फोन केला, 'ताई, मी राजकारणावर कधीच बोलत नाही हो.' म्हटलं, बोललास की बाबा. पैसे घेऊन बोललास, एवढंच.

तेव्हापासून आमच्या सुपारीच्या मेसेजमध्ये दोन ओळी वाढल्या. कलाकार कुठल्याही नेत्याबद्दल किंवा पक्षाबद्दल बोलणार नाही, आणि कार्यक्रमाचं चित्रण प्रचारात वापरता येणार नाही. या ओळी वाचून काही आयोजक परत फोनच करत नाहीत. पैसे नेमके कशाचे द्यायचे होते ते त्यावरून कळतं.

म्हणून तुम्हाला पहिलं काम हे सांगेन की गेल्या दोन-तीन वर्षांत कुणाकुणाच्या स्टेजवर गेलात, कुणाच्या हातून सन्मानचिन्ह घेतलंत, याची यादी काढा. तुम्ही मदतीबद्दल बोललात की पहिल्या तासाभरात कुणीतरी तो फोटो शोधून काढेल आणि खाली टाकेल. त्याला काय उत्तर द्यायचं ते आधी ठरलेलं असावं. 'हो, मी तिथे पैसे घेऊन गेले होते, तो माझा व्यवसाय आहे, आणि हे माझं मत आहे' हे उत्तर अगदी चालतं. चिडून ब्लॉक करत सुटलात तर मात्र फोटोच जिंकतो.

पैशाचा विषय निघालाच आहे तर पुढचंही सांगते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीआधी कोब्रापोस्ट या वृत्त-संकेतस्थळाने छुप्या कॅमेऱ्याने केलेली एक मोहीम प्रसिद्ध केली. तीसहून जास्त नट, गायक, विनोदवीर एखाद्या पक्षाच्या बाजूने पैसे घेऊन पोस्ट टाकायला तयार असल्याचं त्यात दाखवलं होतं. काहींनी नंतर आपलं बोलणं मोडूनतोडून दाखवल्याचा खुलासा केला. विद्या बालन, अर्शद वारसी अशा मोजक्यांनी सरळ नकार दिल्याचंही त्यातच होतं. हे मोठ्या लोकांपुरतं असतं असं समजू नका. निवडणूक जवळ आली की तुमच्यासारख्या दुसऱ्या फळीतल्या, पण घरोघरी ओळखीचा चेहरा असलेल्या कलाकारांना जास्त मागणी असते. स्वस्त पडतात आणि आपल्यातल्या वाटतात. फोन येतो, 'ताई, आठ चेहरे हवेत, स्क्रिप्ट आम्ही पाठवतो.' स्क्रिप्टमध्ये हमखास 'आपल्या भागाचा कायापालट' असतो. 'कायापालट' हा शब्द घरात बोलताना कुणी वापरल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

साबणाची रील पैसे घेऊन केली तर तसं लिहावं लागतं, ग्राहक संरक्षणाचे नियमच तसे आहेत. राजकीय जाहिरातीला, अगदी समाजमाध्यमांवरच्यासुद्धा, निवडणूक आयोगाच्या व्यवस्थेत आधी प्रमाणपत्र घ्यावं लागतं. कलाकाराच्या स्वतःच्या खात्यावरचं 'मला मनापासून वाटतं' मात्र यातून अलगद सुटतं. उघड्या जीपमधून उमेदवाराशेजारी हात जोडून फिरणाऱ्या नटाबद्दल माझी फारशी तक्रार नसते, कारण तो प्रचाराला आलाय हे पोरालाही कळतं. विकत दिलेलं मत स्वतःचं म्हणून सांगणं मला गैर वाटतं. ते काम मी घेत नाही, आणि तुम्हालाही सांगेन की घेऊ नका. एकदा घेतलंत की पुढे वडिलांच्या शेताबद्दल खरं बोललात तरी लोक विचारतील, 'याचे किती मिळाले?'

आता जुन्या माणसांची उदाहरणं. तुम्हाला ती कुणीतरी ऐकवणारच, म्हणून मीच सांगते. डिसेंबर १९७५, कऱ्हाडचं साहित्य संमेलन, आणीबाणी लागून सहा महिने झालेले. अध्यक्ष दुर्गा भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, देशाचे परराष्ट्रमंत्री, आणि गाव त्यांचंच. त्या मांडवात दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला सगळ्यांना उभं केलं. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. पु. ल. देशपांडे १९७७ च्या निवडणुकीत जनता पक्षाच्या प्रचारसभांत बोलले आणि सरकार आल्यावर काही न मागता आपल्या कामाला लागले. १९९६ मध्ये युती सरकारने पहिला महाराष्ट्रभूषण पुरस्कार त्यांनाच दिला, आणि तो स्वीकारताना त्यांनी 'ठोकशाही'बद्दलची खंत बोलून दाखवली. त्यावरून बाळासाहेब ठाकऱ्यांनी त्यांना जाहीरपणे झोडपलं.

ही उदाहरणं ऐकली की छाती भरून येते. माझीही येते. पण लेखकाचं पोट हजारो वाचकांच्या खिशातून भरतं, त्यातला एकही वाचक त्याला 'उद्यापासून येऊ नका' म्हणू शकत नाही. तुमचं पोट एका निर्मात्याच्या हातात आहे. 'पुलंनी केलं मग तू का नाही' असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका.

तुमच्या जास्त जवळचं उदाहरण किशोर कुमारचं. १९७६ मध्ये त्याने सरकारविरुद्ध भाषण वगैरे काही केलं नव्हतं. मुंबईतल्या काँग्रेसच्या कार्यक्रमात गायला नकार दिला, बस. मे महिन्यापासून त्याची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवर बंद झाली. आपल्या भाषेत सांगायचं तर सुपारी नाकारली म्हणून शिक्षा. गप्प राहणं नेहमी सुरक्षित असतं असं नाही, ते त्याला विचारायला हवं होतं.

आणि सचिन तेंडुलकर. त्याच्यावर मी दोनदा विचार केलाय, कारण दोन्ही वेळी टीका झाली तरी प्रकार वेगळे होते. नोव्हेंबर २००९ मध्ये तो म्हणाला की मी मराठी आहे याचा अभिमान आहे, पण मी आधी भारतीय आहे आणि मुंबई सगळ्या भारतीयांची आहे. 'सामना'तून बाळासाहेबांनी त्याचे कान उपटले. इतर पक्षांचे नेते आणि सामान्य लोक मोठ्या संख्येने सचिनच्या बाजूने उभे राहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसलेले असताना रिहाना या परदेशी गायिकेने त्यांच्याबद्दल ट्वीट केलं. पाठोपाठ आपल्याकडच्या मोठमोठ्या नावांची ट्वीट त्याच त्या हॅशटॅगखाली आली. त्यात सचिन होता, लतादीदी होत्या. अक्षय कुमार आणि सायना नेहवाल यांची तर जवळजवळ शब्दाला शब्द जुळत होती. सचिनचं म्हणणं एवढंच होतं की बाहेरच्यांनी प्रेक्षक राहावं, भारताचं भारतीय ठरवतील. या वाक्यात तसं जगावेगळं काही नव्हतं. पण या वेळी त्याचे चाहतेही दुखावले. शरद पवारांनी त्याला आपलं क्षेत्र सोडून बोलताना काळजी घ्यायला सांगितलं. राज्याच्या गृहमंत्र्यांनी तर या ट्वीटमागे दबाव होता का याच्या चौकशीची भाषा केली. मला विचाराल तर ती चौकशीची भाषा ट्वीटपेक्षा जास्त खटकली. माणसाने काय ट्वीट करावं यात गृहखात्याचं काय काम?

लोकांना टोचलं ते मत नव्हतं असं मला वाटतं. २००९ चं वाक्य त्याचं होतं, समोरून प्रश्न आला आणि त्याने उत्तर दिलं. २०२१ चं वाक्य गर्दीत आलं. आपल्या माणसाच्या तोंडी दुसऱ्याचं वाक्य आलेलं प्रेक्षकाला लगेच ओळखू येतं. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे उशिरा कळतं.

मी हे हात पोळून शिकलेय. माझा एक नट आहे, कोल्हापूरकडचा, इन्स्टावर तो 'काय मर्दा' शिवाय बोलत नाही. एका दंगलीनंतर त्याला बोलायचं होतं, घाबरला होता, म्हणून मजकूर मी लिहून दिला. 'सदर घटना अत्यंत निषेधार्ह असून' अशी सुरुवात. पोस्ट पडली आणि दुसरीच कमेंट, 'सदर? मॅनेजरनं लिहून दिलं काय रं?' त्या कमेंटला मूळ पोस्टपेक्षा जास्त लाइक. विषय दंगलीचा होता, तो राहिला बाजूला आणि दोन दिवस 'सदर'वर मीम. त्यानंतर मी कुणाचा राजकीय मजकूर लिहून देत नाही. वाचते, चुका काढते, तारखा तपासते. वाक्यं त्यांची.

आता करार. कपाटातून काढा आणि वाचा, बहुतेकांनी सही करताना वाचलेला नसतो. मालिका, वाहिनी किंवा उत्पादन यांच्या प्रतिमेला बाधा येईल असं वर्तन कलाकाराने करू नये, अशा अर्थाचं एक कलम त्यात बहुधा सापडेल. 'राजकीय' हा शब्द त्यात असेलच असं नाही, पण कलम रबरासारखं असतं, हवं तेवढं ताणता येतं. 'मला घटनेने अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिलंय' असं कलाकार मला सांगतात. दिलंय, कलम १९ मध्ये. ते मुख्यतः सरकारचे हात बांधतं. तुमच्या निर्मात्याला बांधतो तो करार, आणि तो त्याच्याच वकिलाने लिहिलाय.

२०२२ च्या जानेवारीत अभिनेते किरण माने यांना मालिकेतून काढलं तेव्हा हेच समोर आलं. त्यांचं म्हणणं, राजकीय पोस्टमुळे काढलं. निर्मिती करणाऱ्यांचं म्हणणं, सेटवरच्या वागण्यामुळे. महाराष्ट्रभर लोकांनी बाजू वाटून घेतल्या. खरं कोण ते मी ठरवणार नाही. तुमच्यासाठी त्यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की कारण म्हणून पोस्टचं नाव कधीच कागदावर येत नाही. उशिरा येणं येतं, 'ट्रॅक संपला' येतं. तुमचं पात्र एका शुक्रवारी शिकायला लंडनला जातं आणि परत येत नाही. म्हणून पोस्ट टाकण्याआधीच्या महिनाभरात सेटवर वेळेवर जा, कॉल टाइमचे मेसेज जपून ठेवा. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण पुढे वाद झाला तर तुमच्या हातात तेवढंच असतं.

पैशाचा हिशेबही आजच करा. आपल्याकडे पेमेंट नव्वद दिवसांनी येतं. म्हणजे आज काम सुटलं तर तीन महिन्यांचा पैसा त्यांच्याकडेच अडकलेला असतो, आणि भांडण असेल तर तो सगळ्यात शेवटी निघतो. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का? नसेल तर आधी तो साठवा. यात भित्रेपणा काही नाही. घाईने बोलून चौथ्या दिवशी माफीचा व्हिडिओ टाकावा लागणं फार वाईट, तसे दोन व्हिडिओ मी शूट होताना बघितलेत. दुसऱ्या वेळी त्या मुलीने मेकअप पुसून बसावं असं कुणीतरी सुचवलं होतं, खरं वाटावं म्हणून.

निर्मात्याच्या ऑफिसला काय सांगायचं? परवानगी मागू नका. मागितलीत की उत्तर 'नको' हेच येणार, आणि मग तुम्ही टाकलंत तर तो आज्ञाभंग होतो. कल्पना द्या. तुमच्या ईपीला, म्हणजे कार्यकारी निर्मात्याला, भेटून मजकूर दाखवा, 'मी माझ्या गावच्या पुराबद्दल हे लिहितेय, मालिकेचं नाव घेत नाहीये, सेटवरचा किंवा पात्राच्या वेशातला फोटो लावत नाहीये.' माझ्या अनुभवात बहुतेक ईपी त्यावर 'बरं, सांभाळून' एवढंच म्हणतात. त्यांना भीती मताची कमी आणि सकाळी वाहिनीकडून फोन आल्यावर आपल्याला काहीच माहीत नसण्याची जास्त असते.

कायद्याचा धोका तुमच्या बाबतीत थोडा आहे, पण एक गोष्ट गाठीला बांधा: शेअर करणं म्हणजे बोलणंच. मे २०२२ मध्ये अभिनेत्री केतकी चितळेने दुसऱ्या कुणाच्या नावाने फिरणारा पद्यमजकूर शरद पवारांबद्दल फेसबुकवर टाकला. राज्यात ठिकठिकाणच्या पोलीस ठाण्यांत गुन्हे दाखल झाले आणि ती महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहिली. तो मजकूर मला हीन वाटला होता. त्यासाठी एखाद्या मुलीला इतके दिवस आत ठेवणं त्याहून हीन वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं. तेव्हा कुणी पाठवलेलं व्यंगचित्र, कविता, 'बघा हा व्हिडिओ' यातलं काहीही पुढे ढकलू नका. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, स्वतःच्या शब्दांत.

इथवर आलोय तर थोडं मागे वळून बघू. जुने फोटो आठवून ठेवा, पैसे घेऊन मत देऊ नका, करार वाचा, सहा महिन्यांची सोय करा, वाक्यं स्वतःची लिहा. हे झालं की मग काय लिहायचं, आणि मला खरं तर त्याचबद्दल बोलायचं होतं.

'कलाकाराला काय कळतं?' ही पहिली कमेंट असणार. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बोललात तर ती कमेंट बरोबरच आहे. पण वडिलांच्या शेताबद्दल स्टुडिओत बसलेल्या सहा तज्ज्ञांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं. फक्त ते कळणं आकड्यात दाखवा. 'सरकार झोपलंय' हे वाक्य कुठल्याही वर्षी, कुठल्याही सरकारला चालतं, म्हणून ते कुणालाच लागत नाही. त्याऐवजी हे बघा. त्या पुराच्या वेळी आपत्ती निधीचे ठरलेले दर असे होते: जिरायत, म्हणजे पावसावरच्या, पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००. हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. म्हणजे जिरायतीला एकरी ३,४०० पडले. तुमच्या वडिलांना विचारा, एकरभर जिरायत पीक घ्यायला नुसती मजुरी किती गेली होती. तो आकडा आणि ३,४०० शेजारी शेजारी ठेवा. विशेषणाची गरजच पडणार नाही.

दुसरी बाजूही लिहा, नाहीतर तीच पकडून तुम्हाला खोटं पाडतील. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, मदतीची मर्यादा दोन हेक्टरांवरून तीनवर नेली, रब्बीसाठी हेक्टरी १०,००० ची भर घातली. हे सांगा आणि मग सांगा की आमच्या गावात पंचनामा अमुक तारखेला झाला, खात्यावर आजपर्यंत इतके आले. आलेच असतील तर तेही लिहा. गाळाने भरलेली विहीर, खरवडून गेलेला बांध, यांचा एक फोटो, त्यात तुम्ही नसलात तर उत्तम. आणि तलाठ्याचं नाव घेऊ नका. तीन लाख लोक त्या एका माणसावर तुटून पडतील, आणि दर काही त्याने ठरवलेले नाहीत.

एक सूचना अशी की हे एकदाच करून थांबू नका. अभिनेत्री चिन्मयी सुमीत मराठी शाळांबद्दल बोलतात तेव्हा त्यांना 'आत्ताच का आठवलं' असं विचारता येत नाही, कारण शाळांतल्या हिंदीच्या सक्तीचा वाद पेटण्याच्या कितीतरी आधीपासून त्या ते करताहेत आणि स्वतःची मुलंही मराठी शाळेत शिकवलीत. अभिनेते सयाजी शिंदे नाशिकच्या तपोवनातल्या झाडांसाठी उभे राहिले तेव्हा ते स्वतः सत्तेतल्या एका पक्षात होते, तरी लोकांनी ऐकलं, कारण त्यांच्या सह्याद्री देवराई या वृक्षलागवडीच्या उपक्रमातली झाडं डोळ्यांसमोर होती. तुम्ही दर दोन महिन्यांनी गावच्या मदतीचं काय झालं एवढं लिहीत राहिलात तरी वर्षभरात तुमचं बोलणं वेगळ्या कानांनी ऐकलं जाईल. पहिल्या पोस्टला शिव्या पडतील. डिलीट करायची नाही हे आधीच ठरवा. आकडा चुकला असेल तर खाली स्वतःहून दुरुस्ती लिहा.

आता शेवटचं, जे मला एका पोराकडून कळलं. हा साताऱ्याकडचा, माझ्याकडे चार वर्षं होता. गावाकडच्या एका नेत्याबद्दल त्याने चांगली तिखट पोस्ट टाकली. मुंबईत आम्ही श्वास रोखून बसलो, पण काही झालं नाही. मालिका चालू, सुपाऱ्या चालू. तीन महिन्यांनी तो गावाला गेला तेव्हा वडिलांचा ऊस उभा. कारखान्यात नोंद वेळेवर, शेजाऱ्यांचा तोडून नेलेला, यांच्याच फडात ऊसतोडीची टोळी आली नव्हती. तुरा आला होता, वजन घटायला लागलं होतं. तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला विचारलं तर म्हणाला, यंदा टोळ्याच कमी आहेत. खरंही असेल. वडील त्याला एका शब्दाने बोलले नाहीत, तेच त्याला फार लागलं.

तेव्हा मजकूर लिहून झाला की मला पाठवण्याआधी वडिलांना फोनवर सगळा वाचून दाखवा. गावात राहायचंय त्यांना. ते 'टाक' म्हणाले तर टाका. आणि फोन ठेवण्याआधी उसाची तोड झालीये का, तेवढं विचारा.